डोंगरातल्या वाड्यांवर भात, नाचणी आणि चाऱ्याच्या वाणांची चाचणी कशी घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक गट वेल्हे-मुळशीच्या डोंगरातल्या सात वाड्यांवर काम करतो. गेल्या खरिपात त्यांनी भाताचे आणि नाचणीचे सुधारित बियाणे वाटले, शिवाय गवताची ठोंबेही दिली. काही घरांना वाण आवडले, काहींनी पुन्हा पेरलेच नाहीत, आणि कारण कोणालाच नीट सांगता येईना. आता रीतसर चाचणी घ्यायची आहे. किती वाण, किती शेतकरी, किती जागा, मोजायचे काय आणि निकाल कसा काढायचा?

गेल्या वर्षी झाले ते बियाण्याचे वाटप. शेतकऱ्याने पिशवी सोयीच्या खाचरात लावली, आणि शेजारी त्याचा नेहमीचा वाण त्याच दिवशी, तेवढ्याच वयाच्या रोपांचा नव्हता. मग ‘बरा आला’ म्हणजे कशापेक्षा बरा, हे कळायला वाव राहत नाही. प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतःचा वाण, त्याच्याच घरचे बियाणे, त्याच खाचरात, त्याच दिवशी लावलेला असला पाहिजे. एखाद्याला हे जमणार नसेल तर त्याला हवे ते बियाणे जरूर द्या, पण त्याचे आकडे चाचणीत धरू नका. बाकी सगळ्या बाबतीत थोडी सूट चालते, या एका बाबतीत नाही.

आधी जमीन. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस किती झपाट्याने कमी होतो हे पुणेकरांना माहीतच आहे: लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे, पुण्यात ७०० च्या आसपास, आणि मधले अंतर ६५ किलोमीटरसुद्धा नाही. त्यामुळे घाटाच्या कडेची वाडी आणि दोन डोंगर आत पूर्वेला असलेली वाडी यांचे निकाल एकत्र मिसळायचे नाहीत. शिवाय एकाच वाडीत तीन तऱ्हेची जमीन असते. उतारावरची वरकस, जिथे नाचणी, वरई, कारळा होतो. वरची खाचरे, जी पाऊस उघडला की आठ दिवसांत तडकतात. आणि ओढ्याकाठची खालची खाचरे, ज्यांत दिवाळीपर्यंत ओल राहते. प्रत्येक शेतकऱ्याची नोंद करताना खाचर वरचे की खालचे हे पहिल्या रकान्यात लिहा. पुढे निम्मे कोडे या एका रकान्यावर सुटते.

वाण निवडताना हळवा, निमगरवा, गरवा ही गावातली वर्गवारीच वापरा. साधारण १०० ते ११५ दिवसांचा हळवा, १२० ते १३५ चा निमगरवा, त्यापुढे गरवा. डोंगरात हळवा वाण सरसकट चांगला, असे पुस्तकी गणित बरेच जण मांडतात. वरच्या खाचरांना ते बऱ्याचदा लागू पडते. घाटमाथ्यावर मात्र सप्टेंबरअखेर पाऊस संपलेला नसतो. तिथे हळवा वाण हस्ताच्या पावसात पिकतो, आडवा होतो आणि लोंबीतच कोंब येतात. त्याच वाडीत वर हळवा जिंकतो आणि खाली हरतो. इंद्रायणी, जो वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून दिला, तो १३५ ते १४० दिवसांचा. खालच्या खाचरात तो छान बसतो, वरच्या खाचरात दाणे भरण्याच्या वेळी पाणी तुटले की पळंज (पोकळ दाणे) वाढते. तो तुलनेला घ्याच, कारण सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जोडीला संशोधन केंद्रांकडचे चार-पाच सुधारित वाण आणि शेजारच्या खोऱ्यातले रायभोग, कोळंब, आंबेमोहर असे दोन-तीन जुने वाण घ्या. नाचणीत फुले नाचणी, दापोली १ आणि जीपीयू २८ असे तीनच पुरेत.

शिफारस दुसऱ्या भागासाठी आहे म्हणून एखादा वाण आधीच वगळू नका. १९९० च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या झाल्या, तेव्हा लोकांनी उचलून धरलेला भाताचा वाण होता कलिंगा ३. तो ओडिशाचा. त्या राज्यांच्या शिफारशीत तो नव्हताच, आणि लोळतो ही त्याची खोड सगळ्यांना दिसत होती. पण तो लवकर येत होता आणि तांदूळ चांगला होता. नेपाळमध्ये याच वाटेने पुढे जाऊन छोम्रोंग हा उंचावरचा स्थानिक वाण आणि जपानी फुजी १०२ यांच्या संकरातली पिढीच शेतकऱ्यांच्या हाती दिली गेली. त्यांनी निवडलेला माछापुच्छ्रे ३ हा वाण १९९६ साली प्रसारित झाला. तिथला अडसर थंडीचा होता, कारण फुलोऱ्याआधी पारा उतरला की परागकण वांझ होतात आणि लोंब्या रिकाम्या राहतात. आपल्याकडे ती अडचण नाही. आपली अडचण सलग ढग, कमी ऊन आणि त्यामुळे येणारा करपा हा रोग. म्हणून हिमालयातला वाण ‘डोंगरी’ आहे एवढ्यावर इथे आणू नका.

भाताचा संकरित (हायब्रिड) वाण चाचणीत घेऊ नका. त्याचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी एकसारखे येत नाही, आणि दर मे महिन्यात बियाण्यासाठी तालुक्याला जाणे या वाड्यांना परवडणारे नाही.

आता रचना. एका शेतकऱ्याला नऊ वाण लावायला सांगितले तर तो तोंडावर हो म्हणेल आणि आवणीच्या (रोपे लावण्याच्या) दिवशी सगळी रोपे एकत्र करेल. त्याची चूक नाही. त्या दिवशी माणसे मोजून मिळालेली असतात आणि पाऊस थांबत नसतो. म्हणून प्रत्येकाला तीनच नवे वाण द्यायचे, चौथा त्याचा स्वतःचा. नऊ नवे वाण आणि ३० शेतकरी धरले तर ३० गुणिले ३ म्हणजे ९० तुकडे, म्हणजे प्रत्येक वाण दहा घरी जातो. कोणाला कोणते तीन हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, फक्त एक पाहा: प्रत्येक वाण वरच्या आणि खालच्या, दोन्ही खाचरांत निदान चार-चार ठिकाणी गेला पाहिजे. पिशवीवर वाणाचे नाव लिहू नका. ‘इंद्रायणी’ वाचले की मत तिथेच ठरते. लाल, हिरवी, निळी दोरी बांधा आणि कोणती दोरी म्हणजे कोणता वाण ही यादी पुण्यात ठेवा. ही यादी शेतकरीनिहाय असते, एका घरचा लाल म्हणजे दुसऱ्या घरचा लाल नव्हे. हे तुमच्या कार्यकर्त्यांना दोनदा सांगा.

प्रत्येक वाणाला अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर पुरे. भातासाठी २५० ग्रॅम बियाणे आणि ५ चौरस मीटरचा वाफा लागतो. नाचणीला ४० ग्रॅम. दहा घरांचे अडीच किलो, मोठ्या प्लॉटचे थोडे आणि राखीव धरून प्रत्येक वाणाचे चार किलो बियाणे एप्रिलअखेर हातात हवे. सगळे बियाणे एकाच हंगामातले असावे. एकाचे ताजे आणि दुसऱ्याचे दोन वर्षे गोणीत पडलेले असेल, तर तुम्ही वाण तपासत नाही, बियाण्याचे वय तपासता. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ-दहा दिवसांनी मोजा. भाताची उगवण ८० टक्क्यांखाली आणि नाचणीची ७५ च्या खाली असेल तर ते बियाणे परत करा. शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्याचीही उगवण तपासा, आणि मिठाच्या पाण्याची प्रक्रिया (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेले दाणे काढून टाकायचे, उरलेले दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे) त्यालाही करा. बहुतेक ठिकाणी नव्या वाणाला प्रक्रिया होते, जुन्याला नाही. मग जो फरक दिसतो त्यात मिठाचा वाटा किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

राब (पालापाचोळा, शेण) भाजलेल्या वाफ्यावर एक वाण आणि न भाजलेल्यावर दुसरा, असेही होते. चारही वाफे एकाच रांगेत, एकाच तऱ्हेने तयार केलेले असू द्या. आवणी लांबली तर रोपांचे वय लिहून ठेवा. २१ ते २५ दिवसांचे रोप सगळ्यांना मानवते. ४० दिवसांचे झाले की हळव्या वाणाचे जास्त नुकसान होते, कारण फुटवे यायला त्याच्याकडे दिवसच उरत नाहीत. गरवा तेवढे सोसतो.

खते शेतकरी एरवी घालतो तेवढीच. शिफारशीची पूर्ण मात्रा फुकट दिली तर बुटके, खताला दाद देणारे वाण दरवेळी जिंकतील आणि पुढच्या वर्षी खत नसताना पडतील. चारसूत्री ही लावणीची पद्धत आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या) यांचा उपयोग आहे, पण तो वेगळा प्रयोग आहे. एका वर्षी दोन्ही बदलू नका.

या तीस छोट्या चाचण्यांच्या जोडीला पावसाच्या प्रत्येक पट्ट्यात, घाटाकडे आणि पूर्वेला, एक मोठा प्लॉट हवा, जिथे नऊही वाण आणि एक स्थानिक वाण तीन-तीनदा लावलेले असतील. तीस तुकडे, प्रत्येकी २० चौरस मीटर, म्हणजे साधारण सहा गुंठे. वाटा, बांध धरून आठ गुंठे धरा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी सपाटीवर शिकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. उतारावरचे खाचर डोंगराकडची बाजू खणून आणि तीच माती दरीकडे भरून केलेले असते. त्यामुळे आतल्या, डोंगराकडच्या बाजूला मुरूम वर असतो, माती वीतभर. बांधाकडच्या बाजूला भराव, माती हात-दीड हात. त्याच खाचरात आतल्या बाजूचे भात पिवळे आणि बांधाकडचे काळेशार दिसते. तुम्ही तुकडे खाचराच्या लांबीला समांतर पाडलेत, तर एक वाण सगळा मुरुमावर आणि दुसरा सगळा भरावावर जाईल. म्हणून तुकडे अरुंद आणि लांब, डोंगराकडून बांधाकडे जाणारे: २ मीटर रुंद, १० मीटर लांब. मग प्रत्येक वाणाला थोडा मुरूम, थोडा भराव मिळतो. दहा वाणांची एक फेरी एकाच खाचरात संपली पाहिजे, दुसरी फेरी दुसऱ्या खाचरात. खाचर तेवढे लांब नसेल तर तुकडा लहान करा, पण एक फेरी दोन खाचरांत तोडू नका. पाणी वरच्या खाचरातून जिथे पडते तो कोपरा चाचणीबाहेर ठेवा. तिथे गाळ आणि खत जमते, आणि कुठलाही वाण तिथे उत्तमच दिसतो.

लेबलांचे काय होते ते आधीच ऐकून ठेवा. स्केचपेनचे अक्षर पंधरा दिवसांत धुऊन जाते. बांबूच्या खुंट्या सरपणाला जातात किंवा गुरे पाडतात. पातळ अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा, ती तुकड्याच्या आतल्या रोपाच्या बुडाशी बांधा. आणि आवणीच्या दिवशीच बांधाच्या कोपऱ्यापासून पावले मोजून वहीत नकाशा काढा. लेबल गेले तरी नकाशा राहतो. त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी, एक तुमच्याकडे, आणि फोनमध्ये फोटो.

जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते खचतात, एसटी बंद होते. दर आठवड्याला भेट असे नियोजन कागदावरच राहते. चार भेटी नक्की करा: आवणीनंतर दहा-बारा दिवसांनी (मेलेली रोपे आणि नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, मोजायला), फुलोऱ्यात, कापणीआधी आठवडाभर, आणि झोडणीच्या दिवशी. मधल्या नोंदी घरातल्या माणसाकडून. निम्म्या लोंब्या बाहेर पडल्या त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रंगाची खूण करायची, एवढेच सांगा. तारखेऐवजी कोणी ‘उत्तरा लागल्यावर दोन दिवसांनी’ म्हणाले तर तेही चालते, नक्षत्रावरून तारीख काढता येते. करपा, खोडकिडा आणि लोळणे याला ‘नाही, थोडे, निम्मे, सगळे’ अशा चार पायऱ्या पुरेत. वीस रकान्यांचा तक्ता करू नका. तो भरला जातो, पण घरी बसून.

पाखरांचा प्रश्न हमखास येतो. सगळ्या शिवारात भात हिरवे असताना तुमचा हळवा वाण एकटाच पिकतो, आणि पोपट, चिमण्या तिथेच उतरतात. रानडुक्कर आले तर तो तुकडा आकड्यांतून पूर्ण काढून टाका, अंदाजाने भर घालू नका. पाखरांसाठी मात्र जाळी लावा किंवा निदान हळवे वाण सगळे एका बाजूला ठेवून राखण करा. नाहीतर वाण चांगला असूनही ‘याला दाणाच धरत नाही’ असा लौकिक होतो.

कापणीला प्रत्येक तुकड्याच्या मधोमध ५ मीटर गुणिले ४ मीटर दोरी लावा. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, त्या घेऊ नका. मोठ्या प्लॉटमध्ये दोन मीटरच्या पट्टीत ही दोरी बसत नाही. तिथे कडेची एकेक ओळ सोडा आणि जेवढे कापले तेवढे क्षेत्र मोजून लिहा. प्रत्येक वाण वेगळ्या ताडपत्रीवर झोडा आणि दाण्याबरोबर पेंढाही तोला. वीस चौरस मीटरचे किलो गुणिले ५०० केले की हेक्टरी किलो येतात. मात्र आधी ओलावा सुधारा. समजा दाणे ९.२ किलो भरले आणि ओलावा २० टक्के आहे. १४ टक्क्यांवर आणायचे तर ९.२ गुणिले ८० भागिले ८६, म्हणजे ८.५६ किलो. हेक्टरी सुमारे ४,२८० किलो, एकरी सतरा क्विंटल. न सुधारता लिहिले असते तर ४,६००, आणि एवढ्या फरकावर लोक वाण निवडतात. ओलावामापक नसेल तर सगळ्या वाणांचे एकेक किलो दाणे वेगवेगळे, पण एकाच वेळी तीन-चार उन्हे दाखवून पुन्हा तोला आणि ज्या-त्या वाणाच्या घटीच्या प्रमाणात त्याचे आकडे उतरवा.

नाचणीत वेगळी चूक होते. कणसे एकाच वेळी पिकत नाहीत, बायका दोन-तीन तोडे करतात. पहिल्या तोड्याचेच वजन वहीत येते आणि एकदम पिकणारा वाण आपोआप पुढे दिसतो. प्रत्येक रंगाची टोपली वेगळी ठेवून शेवटच्या तोड्यापर्यंत तोला.

आता चारा, ज्याकडे बहुतेक गट भाताच्या मागे लागून दुर्लक्ष करतात. या वाड्यांवर चाऱ्याची तूट पावसाळ्यात नसते. ती फेब्रुवारीनंतर सुरू होते आणि मे महिन्यात कळस गाठते. चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या वाडीत मार्चला पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे ओट किंवा लसूणघास हिवाळ्यात ओलितावर घ्या असे सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा गवताची चाचणी ऑगस्टच्या कापणीवर ठरवू नका. ऑगस्टमध्ये सगळेच गवत गुडघाभर असते.

संकरित नेपियर गवतात (ते कांडीने लावतात, म्हणून वरची संकरित बियाण्याची अडचण इथे नाही) फुले जयवंत, फुले गुणवंत आणि उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेचा बीएनएच १० असे तीन घ्या. त्याच्याबरोबर मारवेल गवत, आणि डोंगरातले पवन्या गवत तुलनेचा स्थानिक वाण म्हणून. पड वरकसावर स्टायलो हा शेंगावर्गीय चारा. नेपियर खाचरात लावू नका, साचलेल्या पाण्यात ठोंब कुजते. त्याची जागा बांधावर. दोन डोळ्यांची कांडी, एक डोळा मातीत, ५० सेंटिमीटरवर एक: १० मीटर बांधाला २० कांड्या. शिफारशीतले ९० गुणिले ६० सेंटिमीटर अंतर आणि हेक्टरी साडेअठरा हजार कांड्या हे सपाट शेताचे हिशेब आहेत. बांधावरच्या चाऱ्याचे ‘हेक्टरी टन’ काढणे निरर्थक. प्रत्येक कापणीला मीटरमागे किती किलो, असे लिहा. आणि बांधालगतच्या भाताच्या पहिल्या दोन ओळी वेगळ्या कापून तोला, कारण दीड पुरुष उंच नेपियरची सावली त्यांच्यावर पडते. शेतकऱ्याला हे दिसते, तुमच्या वहीत आले नाही तर तुमच्या वहीवर त्याचा विश्वास बसणार नाही.

हिरवे वजन फसवे असते. एका वाणाचे ४० किलो आले, कोरडा अंश १६ टक्के, म्हणजे खरा चारा ६.४ किलो. दुसऱ्याचे ३२ किलोच, पण कोरडा अंश २२ टक्के, म्हणजे ७ किलोच्या वर. डोक्यावर भारा आणणाऱ्या बाईसाठी दुसरा वाण आठ किलोंनी हलका आणि तरी जास्त पोषणाचा. कोरडा अंश काढायला भाऱ्याच्या मधून ५०० ग्रॅम चारा घ्या, बारीक तोडा, कापडी पिशवीत घाला. प्रयोगशाळेत ६० ते ६५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात. वाडीवर पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर टांगा आणि सलग दोन दिवस वजन तेच आले की थांबा. पानांचे आणि खोडाचे वजनही एकदा वेगळे करून पाहा. जनावर पान खाते, जाड खोड गव्हाणीत टाकते.

गुरांना काय आवडते हे विचारायचे तर त्यांनाच विचारा. चार प्रकारचा चारा सारखा तोडून दोन-दोन किलो चार टोपल्यांत ठेवा, अर्ध्या तासाने उरलेला तोला. आधी तीन दिवस चारही थोडे-थोडे खाऊ घाला, कारण नवे गवत जनावर पहिल्या दिवशी हुंगून सोडते. टोपल्यांची जागा रोज बदला. गाय जवळच्या टोपलीपासूनच सुरुवात करते आणि तुम्ही त्याला आवड समजता. ज्वारीचा चारा घेत असाल तर फुलोऱ्याआधी, विशेषतः पाण्याचा ताण पडलेला, खाऊ घालू नका, त्यात हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते. नुसते नेपियरही नको. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे चुना अंगी लागत नाही, बरोबर शेवरी किंवा वालाचे भुसकट असू द्या.

दिवाळीनंतर भात निघाले की सगळी गुरे मोकळी सुटतात. बांधावरचे हिरवे ठोंब हे शिवारातले एकमेव हिरवे असते. कुंपण नसेल तर डिसेंबरात चाचणी संपली. वाडीतल्या सगळ्यांशी बोलून निदान तेवढ्या बांधांची राखण ठरवा, किंवा घरामागच्या परसात लावा. आणि ३१ मेला, पाऊस येण्याआधी, जिवंत ठोंबे मोजा. वीसपैकी सहा उरली असतील, तर पहिल्या वर्षाचे उत्पन्न कितीही असो, त्या जागेला तो वाण नाही. म्हणून चाऱ्याची चाचणी दोन वर्षांखाली नको.

चाऱ्याचा हिशेब भाताच्या निकालात कसा शिरतो ते एका मांडणीवर पाहा. समजा स्थानिक वाणाने एकरी १२ क्विंटल भात आणि १८ क्विंटल पेंढा दिला, नव्याने १४ आणि १३. भात २२ रुपये किलो आणि पेंढा ५ रुपये धरला तर स्थानिकाचे ३५,४०० आणि नव्याचे ३७,३०० रुपये. पण मे महिन्यात पेंढा ९ रुपयांवर गेला की स्थानिक ४२,६०० आणि नवा ४२,५००. नफा संपला. ज्या घरी दोन बैल आणि दोन म्हशी आहेत ते नवा वाण का सोडतात, याचे उत्तर बहुधा इथेच असते. ज्यांच्याकडे गुरे नाहीत ते तोच वाण ठेवतात. तुमच्या गावाचे भाव घालून हे गणित प्रत्येक घरासाठी वेगळे करा.

मते दोनदा घ्या, उभ्या पिकात आणि खाऊन झाल्यावर. उभ्या पिकात बायका आणि पुरुष वेगळे फिरवा. एकत्र फिरवले की पुरुष बोलतात. प्रत्येकीला मक्याचे पाच दाणे द्या, जो वाण आवडला त्याच्या पिशवीत टाकायचे, एकाच पिशवीत पाचही टाकले तरी चालतील. मग कारण विचारा. बायका ज्या गोष्टी सांगतात त्या तुमच्या तक्त्यात नसतात: झोडताना दाणा सुटत नाही, लोंबीला कूस टोचते, रोपे उपटताना मुळे तुटतात. तांदूळ गिरणीतून आणल्यावर किती अखंड आणि किती कणी तेही तोला. शिजवताना प्रत्येकाचे पाव किलो, तेच पाणी, तशीच पातेली, आणि सकाळी उरलेला भातही चाखायला लावा. गरम असताना छान वाटणारा तांदूळ शिळा झाला की दगड होतो, आणि सकाळी रानात जाणारा माणूस तोच खाऊन निघतो. नाचणीला भाकरी थापताना चिरते का, हा एकच प्रश्न पुरे.

निकालाला संख्याशास्त्राचा बाऊ नको. प्रत्येक घरी नव्या वाणाचे उत्पन्न वजा तिथल्या स्थानिक वाणाचे उत्पन्न काढा आणि दहापैकी किती घरी नवा पुढे आहे ते मोजा. दोन्ही वाण खरे तर सारखेच असतील तरीही दहापैकी सहा किंवा जास्त घरी निव्वळ योगायोगाने नवा पुढे येण्याची शक्यता ३८ टक्के आहे. म्हणून सहावर काही ठरवू नका. आठ किंवा जास्तची शक्यता साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्तची एक टक्का. त्यानंतर हरलेली घरे पाहा आणि पहिला रकाना काढा. हरलेली सगळी खाचरे वरची असतील तर वाण वाईट नाही, तो खालच्या खाचराचा आहे आणि तसे सांगून द्यायचा. सरासरी काढून ‘एकरी दीड क्विंटल जास्त’ असे छापलेत तर वरच्या खाचराच्या माणसाला तुम्ही नुकसानीत घालता.

बियाण्याबद्दल दोन गोष्टी. भात, नाचणी, वरई यांचे बहुतांश परागीभवन स्वतःचे स्वतः होते, शेजारच्या तुकड्याची भेसळ फारशी होत नाही. जी होते ती खळ्यात. कारळ्याचे तसे नाही, मधमाश्या सगळे एकत्र करतात. चाचणीच्या तुकड्यातला कारळा बियाण्याला ठेवू नका. आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे ठेवण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे, फक्त ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. एखाद्या घरचा जुना वाण दुसऱ्या वाडीला देताना त्या घराला विचारा आणि वाण कोणाकडून आला हे वहीत लिहा.

दोन खरीप झाले की रंगांची नावे उघडी करा आणि फुकट बियाणे देणे बंद करा. तिसऱ्या वर्षी आवणी संपल्यावर घरोघर जाऊन एवढेच विचारा: कोणता वाण ठेवलात, किती खाचरांत लावलात, आणि शेजाऱ्याला किती पायली दिलेत. ज्याचे बियाणे माहेरी किंवा पाहुण्यांकडे गेले असेल त्या घराचे नाव आणि गाव लिहून घ्या. पुढच्या चाचणीचे शेतकरी तिथून निवडायचे.